दोन बोटं सरकलेली रेष

अण्णा, माझ्या हातून एक चुकीचा निकाल गेला आहे आणि तो चुकीचा होता हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही. बहुतेक नसतंच सांगितलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार नाही, म्हणून धीर होतो आहे. तुमच्या त्या बघण्याची मला पहिल्यापासून भीती वाटायची. तुम्ही कधी ओरडत नव्हतात. ओरडला असतात तर उलट उत्तर देता आलं असतं, आणि उलट उत्तर द्यायला मी कधी मागे नव्हते हे तुम्हाला माहीत आहे.

आधी मी काय करते ते सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तुमच्यानंतर दोन-तीन वर्षांनी कबड्डी टीव्हीवर आली. तुम्हाला ती ओळखू आली नसती. मातीचं मैदान गेलं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा गेल्या. आता रबरी चौकोनी तुकडे एकमेकांत अडकवून मोठी मॅट अंथरतात आणि तिच्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून रेषा करतात. वर झगझगीत दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी, खेळाडूंच्या अंगावर जाहिराती. आणि या सगळ्याच्या मागे एका बिनखिडकीच्या खोलीत तुमची मुलगी बसते. छपराला कॅमेरे टांगलेले असतात. ते प्रत्येक खेळाडूचे हातपाय क्षणाक्षणाला टिपतात आणि कोणाचा पाय कुठे पडला, कोणाचं बोट कुठे टेकलं, हे संगणक काढून देतो. एखाद्या संघाला निकाल पटला नाही की तो दाद मागतो, सरपंच हवेत बोटांनी चौकट काढतात, आणि माझ्या पडद्यावरचं चित्र सगळ्या स्टेडियमला दिसतं. रेष निळी, हात लाल. मुख्य पंचाला आपण सरपंच म्हणतो याची आमच्या टीव्हीवाल्यांना अजून गंमत वाटते, पण निळ्या रेषेपुढे त्या सरपंचांचंही काही चालत नाही. तुमच्या वेळी एका बोटावरून अर्धा-अर्धा तास खेळ थांबायचा आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आता चित्र दिसलं की सगळे गप्प. हे काम मी हौसेनं घेतलं होतं. पुन्हा कुठल्याही पंचाच्या कपाळावर चप्पल बसू नये, असं मला वाटत होतं. कोणाचं कपाळ माझ्या डोळ्यांसमोर होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचा रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. आठवडाभर नागापूरच्या कंपनीत निळा डगला घालून तुम्ही क्वालिटीच्या टेबलाशी उभे राहायचात, आणि रविवारी इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. आई म्हणायची, लग्नातसुद्धा एवढे नटले नव्हते. सामन्याच्या तासभर आधी तुम्ही मैदानावर पोचता, वहाणा काढून ठेवता आणि खिशातून ती गाठी मारलेली दोरी काढता. कोणी आधीच फक्की मारून ठेवलेली असली तरी तुम्ही दोरी ताणून बघणार, मग अनवाणी पायांनी सगळ्या रेषांवरून चालणार. इथवर ठीक होतं, सगळेच चांगले पंच हे करत. पण तुम्ही मध्यंतरातही हेच करायचात. खेळाडू पाणी पीत बसलेले, लोक चहाला गेलेले, आणि तुम्ही ओणवे होऊन दोरी ताणून पुन्हा फक्की ओढताय. प्रेक्षकांतून कोणीतरी हमखास ओरडायचं, "आन्ना, रांगोळी झाली का न्हाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी विचारलंच, की सकाळी बरोबर असलेली रेष दुपारी कशी चुकेल? तुम्ही म्हणालात, "पोरी, रेष चुकत न्हाई. पोरांच्या पायानं ती सरकती, पसरती. आन आपल्या डोक्यात मात्र सकाळचीच ऱ्हाती."

आमच्या कामाच्या कागदावरही मध्यंतरासाठी एक ओळ आहे, अण्णा. मॅटच्या चार कोपऱ्यांवरच्या खुणा आणि पडद्यावरच्या खुणा पुन्हा जुळवून बघायच्या. कारण कॅमेऱ्याला पांढरी पट्टी कळत नाही. सामन्याआधी आम्ही त्याला एकदा दाखवून ठेवतो की रेष इथे आहे, आणि पुढे तो तीच धरून बसतो. काम चार-पाच मिनिटांचं. मी ते तीन हंगाम न चुकता केलं, आणि तीन हंगामांत मॅट कधी तसूभरही हलली नाही. त्या दिवशी मध्यंतर सुरू झालं आणि टीव्हीवाल्यांचा निरोप आला की अमक्या खेळाडूच्या उड्या मोजून एक चित्रफीत करून द्या, जाहिरातीनंतर दाखवायची आहे. मी ती करत बसले. खेळ सुरू व्हायची शिट्टी ऐकू आली तेव्हा कागद समोरच होता. त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. रोज जुळतंच की, असं मनात म्हटल्याचंसुद्धा आठवतं.

सामना अगदी शेवटाला आला होता. एक संघ एका गुणाने मागे, आणि शेवटची चढाई त्यांची. चढाईला गेला तो जामखेडकडचा, बाविशीचा, पहिलाच हंगाम खेळणारा मुलगा. काटक, लांब हाताचा. त्याने दोन गडी मारले आणि वळला. परतताना मागून कोणीतरी त्याचा घोटा धरला, मग दुसरा अंगावर पडला, मग तिसरा. तो पडता पडता हात लांबवत मध्यरेषेकडे सरपटला. बोट रेषेला लागलं तर ते सगळे गुण आणि सामना त्यांचा. नाही लागलं तर बाद फेरीची आशा संपली, उरलेले साखळी सामने नावापुरते. सरपंच पलीकडच्या अंगाला होते, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी हवेत चौकट काढली. छपरावरच्या एकाच कॅमेऱ्याला त्याच्या बोटांची टोकं दिसली होती, पण नेमकी त्या जागी मध्यरेषेवर एका बचावपटूची अख्खी पाठ आडवी पडलेली. बोट दिसत होतं, पट्टी झाकलेली. अशा वेळी पट्टी संगणक स्वतःच काढून देतो. त्याने काढली. लाल बोट निळ्या रेषेच्या अलीकडे राहिलं, नखभर. मी ते चित्र पुढे पाठवलं, आणि हजारो माणसं एकदम ओरडली.

तो मुलगा ऐकेना. मोठ्या पडद्याकडे बघत मान हलवत राहिला, मग सरपंचांच्या कोपराला धरून काहीतरी सांगायला लागला. पंचाला हात लावला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याला बाहेर काढलं आणि पुढचे सगळे सामने खेळायला बंदी घातली. आवराआवर चालली होती तेव्हा तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. घामाने निथळत होता, कोपर सोललेलं. म्हणाला, "ताई, बोटाला पट्टीचा काठ लागला हुता माझ्या. मला कळला ना. मंग मशीनला कसा न्हाई दिसला?" त्याची बोली ऐकली आणि मला एकदम तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मी काय केलं माहिती आहे? मी माझी जीभ जितकी साफसूफ करता येईल तितकी केली, पुस्तकात असते तशी, आणि म्हटलं, "यंत्राला तुमच्यापेक्षा स्पष्ट दिसतं. निर्णय झालेला आहे." मी नागापूरची आहे हे त्याला कळू नये असं मला वाटलं. का वाटलं, ते त्या वेळी समजलं नव्हतं. त्याने थोडा वेळ स्वतःच्या बोटाकडे बघितलं आणि तो गेला.

सकाळी मॅट उचलायची होती, पुढचा मुक्काम दुसऱ्या शहरात. कोपऱ्यांवरच्या खुणा काढून घ्यायचं काम माझं. गेले तर एका बाजूला मॅटच्या कडेपासून थोडं लांब, जमिनीवर खालच्या चिकटपट्टीचा मळका माग राहिलेला. म्हणजे आधी मॅटची कड तिथे होती. ओलीने चिकटपट्टी सुटली होती आणि पोरांच्या रेट्याने सगळी मॅट एकसंध सरकली होती. पर्समध्ये तुमची ती सहा इंची पोलादी पट्टी असते. मी डिप्लोमाला पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून माझ्या हातात दिली होती, तीच. 'जपून वापर' एवढंच म्हणाला होतात. तुमच्या हाताने तिचे आकडे पुसट झाले आहेत, पण वाचता येतात. मी गुडघ्यावर बसून माप घेतलं. दोन बोटं. मॅट दोन बोटं सरकली होती, आणि मध्यरेष तिच्याबरोबर त्या मुलाच्या दिशेने दोन बोटं आली होती. म्हणजे त्याचं बोट पट्टीला नुसतं लागलं नव्हतं, ते पट्टीवर होतं. खऱ्या रेषेवर. नखभर कमी पडलं होतं ते माझ्या सकाळच्या रेषेला. तुमची पट्टी त्या मागाशी ठेवून मी मोबाईलवर फोटो काढला. का काढला? सांगायचं होतं म्हणूनच काढला, असं मी स्वतःला अजून सांगते. मग माणसं आली, मॅटचे तुकडे सुटे झाले, एकावर एक रचून टेम्पोत गेले. मागाची ती मळकी रेघ फरशी पुसणाऱ्या बाईने पुसून टाकली.

त्या टेम्पोमागे उभी असताना मला खंडेनवमी आठवली. त्या एका दिवशी कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. मशीनना झेंडूच्या माळा, शेवंतीचा आणि मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा मिळून तो एक चमत्कारिक वास, सगळीकडे नारळाचं पाणी सांडलेलं. मी अकरावीत होते. तुम्ही तुमच्या टेबलावर सगळी मापं मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. भोक बरोबर आहे का हे तपासायचं ते गुळगुळीत, जड गेज मी हातात घेऊन बघत होते, आणि ते निसटलं. ठण्ण झालं. पण बाहेर ढोल चालू होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी ते उचललं, ओढणीने पुसलं आणि लाकडी डबीत होतं तसं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय न धुता माझ्यासमोर बसलात. तुम्ही दर पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक गेज आधी स्वतः तपासायचात, त्यात सापडलं होतं. एका बाजूला केसाएवढा ठोका. मी रडायला लागले, म्हटलं हातातून पडलं, मुद्दाम नाही. तुम्ही म्हणालात, "पडलं त्याचं काय न्हाई. हातातून वस्तू पडती. तू ते परत डबीत ठिवलंस. आता त्या गेजनं उद्या कोनीबी खरं माप घेतलं तरी ते खोटंच यायचं, आन घेनाऱ्याला वाटंल आपलंच चुकलं." मग तुम्ही मला साहेबांपुढे नेलंत का? नाही. गेज बाद झाल्याचं तुम्ही स्वतःच जाऊन सांगून आला होतात. मला हे पुष्कळ नंतर आईकडून कळलं.

सकाळच्या त्या रिकाम्या स्टेडियममध्ये हे सगळं आठवूनही मी गप्प राहिले, अण्णा. गप्प राहण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. सांगितलं तर माझी सही असलेला कागद बाहेर येणार, नोकरी जाणार. निकाल तर बदलणार नव्हताच. शिवाय एकदा लोकांना कळलं की यंत्राची रेष सरकते, तर पुढच्या प्रत्येक निकालावर बोंबाबोंब होईल, मग पुन्हा पंचांच्या अंगावर चपला. हे शेवटचं कारण मला फार आवडलं. ते घेऊन मी तीन महिने काढले. आणि या सगळ्यांच्या खाली भिंगारचा तो दिवस होता.

भिंगारची स्पर्धा, अंतिम सामना. तुम्ही सरपंच. मी आणि आई कडेला बसलेलो. तिथेही शेवटची चढाई, तिथेही हात लांबवून पडलेला एक मुलगा. तुम्ही तो बाद दिला. शिट्टी वाजली, जिंकलेल्यांनी कर्णधाराला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळायला सुरुवात झाली. आणि तुम्ही निघून यायचं सोडून मध्यरेषेपाशी खाली वाकलात. मध्यंतरात तुम्हीच ताजी फक्की ओढली होती, त्यामुळे तिच्यात बोटांच्या दोन खुणा स्वच्छ उठल्या होत्या. दुसऱ्या कोणी बघायच्या आत पायाने पुसता आल्या असत्या. गुलालातून नाचणाऱ्यांच्या पायांनी पुसल्याही गेल्या असत्या. तुम्ही पुन्हा शिट्टी मारलीत. लांब, एकच. सगळे थांबले तेव्हा म्हणालात, "माझं चुकलं. बोट लागल्यालं हाय." पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. धक्काबुक्की, कोणीतरी फाडलेला तुमचा पांढरा शर्ट, आणि ती चप्पल, जी तुमच्या भुवईच्या वर बसली. दोघा पोलिसांनी तुम्हाला बाहेर काढलं.

घरी आई स्वयंपाकघरात तुमच्या कपाळाला हळद लावत होती आणि मी चुलीपाशी उभी राहून तुम्हाला फाडफाड बोलत होते. कोणी बघितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. काय गरज होती तुम्हाला? वर्गातली अर्धी मुलं तिथे होती, उद्या मी कॉलेजात कोणत्या तोंडाने जाऊ? आईने ताट वाढलं, तुम्ही पिठलं-भाकरी खाल्लीत, आणखी पिठलं मागून घेतलंत. मला त्याचा आणखी राग आला. त्यानंतर तुम्हाला कोणी पंच म्हणून बोलावलं नाही. ज्यांना तुम्ही न्याय दिलात त्यांनीसुद्धा नाही. पंच म्हणजे ठाम माणूस पाहिजे, हा मागं फिरतो, असं म्हणत. रविवारी तुम्ही घरात बसून राहायचात. पांढरी पँट ट्रंकेत गेली. मी मात्र तो विषय सोडला नाही. घरात काही बिनसलं, पाहुण्यांत कोणी विषय काढला, की मी हटकून म्हणायचे, गप्प बसला असतात तर आज जिल्ह्याचे पंच असतात.

मागच्या महिन्यात चार दिवस आईकडे आले होते. सकाळी दूध आणायला चौकात गेले, पहिल्या पाळीची माणसं कंपन्यांच्या फाटकांकडे चालली होती. चहाच्या गाडीपाशी गळ्यात कंत्राटी कामगाराचं कार्ड घातलेला एक उंच मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी ओळखलं आणि पाय उचलला, तोवर त्याने हाक मारली. "ताई, तुमी त्या क्यामेऱ्यावाल्या ना? इकडं कुठं?" म्हटलं, मी इथलीच आहे, नागापूरची. त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी आपल्याच की! तरी म्हनलं!" त्याने माझ्यासाठी चहा सांगितला, मी नको म्हणायच्या आत पेला हातात आला. मी वाट बघत होते की आता तो बोलेल, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "त्या दिवशी लई तापलो हुतो ताई. तुमच्या दारात यून वाकडं बोललो. मनावर घिऊ नका." मी पेल्यात बघत राहिले. तो बोलतच होता. संघाने पुढच्या हंगामाला घेतलं नाही. गावात पोरं मोबाईलवर ती चित्रफीत लावून चिडवत होती, म्हणून इकडे कामाला आला. "म्या बी ती पन्नास येळा पाह्यली. हात अलीकडंच हाय. मलाच भास झाला आसंन. मशीनला काय आपलं-परकं हाय का? पळताना बोटाला काय कळतंय!"

मी विचारलं, खेळता का अजून? इथल्या मंडळांचे संघ चांगले आहेत. तो हसला. "गेल्तो की दोन-तीनदा. पन जमंना झालं. पयलं कसं, रेष कुठं हाय ते न बघता कळायचं. पायालाच कळायचं. आता वाटतं, आपल्याला कळतंय ते खरं हाय का न्हाई? मंग खाली बघतो. खाली बघितलं का धरत्यात." भोंगा वाजला. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला, "येतो ताई, पुढच्या टायमाला घरी या," म्हणाला आणि फाटकातून आत गेला. फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, अण्णा. मोबाईल हातात होता. पट्टी पर्समध्ये होती. एवढंच म्हणायचं होतं, की तुला कळलं होतं ते खरं होतं. त्याला तर कागदही नको होता, सहीही नको होती. मी रिकामा पेला गाडीवर ठेवला आणि दूध घेऊन घरी आले. घेनाऱ्याला वाटंल आपलंच चुकलं, हे तुमचं वाक्य मी दूध तापवताना मनात म्हणत होते आणि ते उतू गेलं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहिलं. तुमच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी खाटेशी बसले होते. आई आत जरा आडवी झाली होती. तुम्ही खूप वेळ आढ्याकडे बघत होतात, मग मान वळवून म्हणालात, "भिंगारात त्या दिवशी गप बसलो आसतो तर बरं झालं आसतं का गं?" मी तुमच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हटलं, "हो अण्णा. बरं झालं असतं." तुम्ही मान डोलावलीत आणि डोळे मिटले. इतकी वर्षं मी ते असं लक्षात ठेवलं होतं की शेवटी तुम्हालाही पटलं. त्या सकाळी मॅटपाशी गप्प राहिले तेव्हा मी मनात तुमचाच दाखला दिला, की अण्णासुद्धा शेवटी तेच म्हणाले होते. पण तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुम्ही मला विचारलं होतं. त्या एका दिवसापायी तुम्ही सगळं गमावलंत, आणि घरातल्या एकाही माणसाने तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं की तुम्ही बरोबर केलंत. आईने हळद लावली, मी बोल लावले. मरताना तुम्ही माझ्याकडून ते ऐकायला बघत होतात. तुम्हाला माहीत होतं ते खरं होतं की नाही, एवढंच विचारत होतात. आणि मी तुम्हालाही त्या मुलासारखंच दारातून परत पाठवलं.

तुम्ही बरोबर केलंत, अण्णा. फार उशिरा म्हणते आहे.

आज पुन्हा नागापूरला आले आहे, आई आत भाकऱ्या थापते आहे. मी टेबलाशी बसले आहे, समोर तुमची पट्टी आहे. स्पर्धेच्या मुख्य पंचांना आणि त्या मुलाला एकच पत्र लिहायचं, सोबत फोटो जोडायचा, असं सकाळी ठरवून बसले होते. त्याचा पत्ता मला माहीत आहे, इथून चालत दहा मिनिटांवर तो फाटकातून बाहेर येतो. ते पत्र अजून कोरं आहे. हे आधी लिहून काढलं, कारण हे कुठे पाठवावं लागत नाही.